कडक गादी की मऊ गादी?



मागच्या महिन्यात वायफायच्या राऊटरवर लिहिलं आणि निरोप आले ते कंबरदुखीबद्दल. त्या लेखात मी ओझरतं लिहून गेले होते की घरून काम सुरू झाल्यापासून आमच्या ओळखीत ज्याला बघावं त्याची कंबर धरलेली असते. राऊटर राहिला बाजूला, लोकांनी तेवढं एकच वाक्य उचललं. एका मुलीनं निपानियाहून लिहिलंय : "ताई, नुकतं लग्न झालंय, नवीन फ्लॅट आहे, आम्ही दोघंही आयटीत आणि दोघांचीही कंबर दुखते. ऑनलाइन बघितलं तर सात हजारांची गादी आहे आणि सत्तर हजारांचीही आहे, आणि दोन्हींवर 'ऑर्थोपेडिक' लिहिलंय. कोणती घेऊ?"

मी डॉक्टर नाही, बीई आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरी गाद्या घेतल्या तेव्हा त्याआधीचे तीन-चार महिने मी त्यात घातले होते. घरात नवरा "तू गादी घेतेयस की सर्व्हर?" असं विचारायला लागला होता. ते सगळं वाचलेलं आणि दुकानांत लोळून बघितलेलं कामाला यावं म्हणून हा लेख.

आधी 'ऑर्थोपेडिक' या शब्दाचा निकाल लावू. हा शब्द गादीवर छापायला कोणा अस्थिरोगतज्ज्ञाची सही लागत नाही. बनवणाऱ्याला वाटलं की छापायचा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की ही गादी जरा कडक आहे. आणि कडक गादी म्हणजे कंबरेला चांगली, हे आपल्याकडे इतकं रुजलंय की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. माझे सासरे, म्हणजे बाबा, अजूनही सांगतात की त्यांच्या नोकरीच्या दिवसांत कंबर भरली की डॉक्टर सरळ "फळीवर झोपा" म्हणून सांगायचे. मग गादी गुंडाळून माळ्यावर, आणि पलंगाच्या फळ्यांवर एक सतरंजी. बाबांना त्यानं बरं वाटलं, म्हणून घरात ज्याची कंबर दुखेल त्याला तोच उपाय. सासूबाईंना तो कधीच मानवला नाही. त्या कुशीवर झोपतात, आणि फळीवर झोपून सकाळी त्यांचा खांदा आणि खुबा दुखायचा, कंबर होतीच वर. पण "सवय होईल" या दोन शब्दांवर त्यांची काही वर्षं गेली.

या वादावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांनी तो छापला. जुनाट कंबरदुखी असलेली ३१३ माणसं घेतली. सगळ्यांना गादीवर पडलं की किंवा सकाळी उठताना दुखायचं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाच्या घरी कडक गादी, दुसऱ्याच्या घरी मध्यम कडक. आपल्याला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नाही, आणि तपासणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. ९० दिवसांनी बघितलं तर मध्यम गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं जास्त कमी झालं होतं, आणि उठण्याबसण्याची, कामाची अडचणही त्यांची कमी होती. फळीवाद्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी, की कडक गादीवाले लोकसुद्धा आधीपेक्षा बरेच होते. म्हणजे बाबांना बरं वाटलं ते खोटं नाही. पण सगळ्यांना कडकच द्यावी याला मात्र या अभ्यासात आधार सापडत नाही.

त्यांनी वापरलेल्या मोजपट्टीत १ म्हणजे सगळ्यात कडक आणि १० म्हणजे सगळ्यात मऊ. कडक गादी २.३ ची होती, मध्यम ५.६ ची. हे आकडे घेऊन ऑनलाइन खरेदीला जाऊ नका. तिथे बरेच विक्रेते उलटी पट्टी लावतात, १० म्हणजे दगड. शिवाय एकाची ६ आणि दुसऱ्याची ६ यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. आमच्या धंद्यात असं एपीआय कोणी लिहिलं तर त्याला शिव्या पडतील.

मध्यम का बरी, हे समजायला सोपं आहे. कुशीवर झोपलात की शरीराचे दोन भाग बाहेर आलेले असतात, खांदा आणि खुबा. कंबर मधे आत असते. फळीवर खांदा-खुबा आत जाऊ शकत नाहीत, त्यामुळे तिथे टोचतं आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत उलटं होतं. खुबा सगळ्यात जड, तो खाली जातो आणि मणका झोळीसारखा वाकतो. आपल्याला हवी अशी गादी जी खांदा-खुब्याला थोडं आत घेईल आणि कंबरेखाली येऊन टेकेल. पाठीवर झोपणाऱ्याला जरा कडक चालते. पोटावर झोपणाऱ्याची कंबर बहुधा मागे वाकते आणि त्याला कोणतीच गादी पुरती सांभाळू शकत नाही. त्यानं जमल्यास कुशीवर यावं, नाहीतर पोटाखाली एक पातळ उशी घ्यावी. कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांच्या मधे आणि पाठीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली उशी घेऊन बघावी. ही उशी फुकट आहे. माझ्या मते गादीच्या दुकानात जाण्याआधी आठवडाभर एवढंच करावं.

मऊ-कडक हे वजनावरही ठरतं. माझा नवरा ८६ किलोचा आणि मी ५४. जी गादी त्याला मध्यम वाटते ती मला फळी वाटते, आणि मला जी छान वाटते तिच्यात तो बुडतो, आणि मग उतारावरून घरंगळावं तशी मी रात्रभर त्याच्याकडे सरकत राहते. म्हणून आम्ही एक मोठी गादी घेतलीच नाही. ३६ इंची दोन वेगवेगळ्या गाद्या शेजारी शेजारी, वरून एकच मोठी चादर. सासूबाईंना आधी ते अपशकुनी वाटलं. "नवराबायकोच्या मधे फट?" म्हणाल्या. ती फट भरायला कापसाचा एक लांब लोड त्यांनीच शिवून दिला. निपानियावाल्या ताईंनो, तुम्हा दोघांच्या वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक असेल तर हा विचार जरूर करा. पैसेही फारसे जास्त लागत नाहीत.

आता गाद्या कशाच्या असतात ते.

आपण इंदूरची माणसं, खाली निमाडात कापूस पिकतो, तेव्हा कापसाच्या गादीपासूनच सुरुवात करायला हवी. कापसाची गादी उन्हाळ्यात तापत नाही, पुरेशी कडक असते, आणि ताजी पिंजलेली असेल तर खांदा-खुब्याला जागाही देते. तिचा दोष एकच आणि तो मोठा आहे. ती दबते. घाम आणि वजन यांनी कापूस बसतो, आणि जिथे माणूस रोज झोपतो तिथे खड्डा पडतो. मग गादी एकाच वेळी दोन चुका करते : खड्ड्यामुळे मणका वाकतो आणि खड्ड्याचा तळ मात्र फळीसारखा लागतो. पूर्वी यावर व्यवस्था होती. पिंजारी आपली ती मोठी धनुष्यासारखी पिंजण घेऊन गल्लीत यायचा, तिच्या तातीचा टणत्कार ऐकला की बायका गाद्या अंगणात आणायच्या. कापूस मोकळा व्हायचा, गादी परत भरली जायची. उन्हं दाखवणं, उलटी करणं हे वेगळंच. आता पिंजायची यंत्रं दुकानात असतात, पण चौथ्या मजल्यावरून दहा-बारा किलोची गादी उतरवून तिथे नेणार कोण? त्यामुळे आपल्या बऱ्याच घरांत कापसाची गादी आहे आणि ती सात-आठ वर्षांत पिंजलेली नाही. तुमची तशी असेल तर हजारोंची नवी गादी शोधायच्या आधी तीच पिंजून घ्या. दोन-तीन वर्षांतून एकदा हे काम करणार असाल तर कापूस अजूनही चांगला आहे. करणार नसाल तर नका घेऊ, हे मी सरळ सांगते.

काथ्याची गादी, म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून दाबलेली. हवा खेळती राहते, कडक असते, स्वस्त असते. नुसती काथ्याची बहुतेकांना फार कडक होते आणि कडा हळूहळू झिजतात. वर दीड-दोन इंच फोम किंवा लॅटेक्स असलेली बरी.

फोमबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. दुकानदार सांगतो, "बत्तीस डेन्सिटी आहे, चाळीस डेन्सिटी आहे, जितकी जास्त तितकी कडक." यातलं दुसरं वाक्य चूक आहे. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, किलोत. तो फोम किती टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो. कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे, ती बनवताना वेगळी ठरवता येते. ४० चा मऊ फोमही असतो आणि २८ चा कडकही. हा २८ वाला दुकानात छान कडक लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत बसतो.

आणि सांगितलेली डेन्सिटी खरी आहे का, हे घरच्या काट्यावर कळतं. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद, ५ इंच जाड असा फोमचा ठोकळा म्हणजे साधारण ०.२१ घनमीटर. तो ३२ चा असेल तर वजन पावणेसात किलोंच्या आसपास भरायला हवं, ४० चा असेल तर साडेआठ. मी एका दुकानात खिशातून सामान तोलायचा काटा काढला तेव्हा तिथल्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ४० म्हणून सांगितलेला नुसता फोम सहा किलो भरला. दुकानाचं नाव सांगत नाही, चहा चांगला पाजला होता. काटा थोडं जास्त दाखवतोय म्हणूनही लगेच खूश होऊ नका, फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. पण वजन कमी भरलं तर मात्र वाद घालायला जागा उरत नाही. गादीत थर असतील तर हे गणित जमत नाही, तेव्हा प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी लेखी मागा. देत नसतील तर पुढच्या दुकानात जा.

मेमरी फोम १९६६ मध्ये नासासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्यानं शोधला, विमानाच्या आसनांसाठी. जाहिरातीत रॉकेट दाखवतात ते त्यामुळे. हा फोम अंगाच्या उष्णतेनं मऊ होतो आणि आकार घेतो. म्हणजे थंडीत तो घट्ट आणि उन्हाळ्यात ढिला. आपल्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो आणि मेमध्ये चाळीसच्या वर जातो, तेव्हा एकाच पैशात दोन गाद्या मिळतात म्हणायच्या. शिवाय घाम येतो. वर एखाद-दोन इंचाचा थर असेल तर ठीक, सगळी गादीच त्याची असेल तर एसी रात्रभर चालवायची तयारी ठेवा. नैसर्गिक लॅटेक्स उत्तम, टिकाऊ, लवचीक. महाग आणि उचलायला जड. स्प्रिंगमध्ये जुन्या एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगांपेक्षा पॉकेट स्प्रिंग घ्या, कारण त्यात प्रत्येक स्प्रिंग आपापली दबते.

दुकानात हातानं दाबून बघू नका, हाताची कंबर दुखत नसते. चपला काढून, ज्या कुशीवर रात्री झोपता त्याच कुशीवर पंधरा मिनिटं पडा. संकोच वाटतो, मान्य आहे. मी सासूबाईंना घेऊन गेले तर त्या आधी पदर डोक्यावर घेऊन पाच मिनिटं नुसत्या बसूनच राहिल्या. मग पडल्या आणि चक्क डोळा लागला त्यांचा. पाठीवर झोपून कंबरेखाली हात सरकवून बघा. हात सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक आहे, अजिबात शिरला नाही आणि कुशीवर वळायला जोर लावावा लागला तर मऊ आहे. ऑनलाइन घेणार असाल तर शंभर रात्रींची परतीची मुदत देणारे बरेच आहेत. त्यात परत न्यायला कोण येणार, पैसे पूर्ण मिळणार का, एवढं वाचा. आणि आपल्याकडच्या जुन्या सागवानी पलंगांचं माप सुतारानं त्या वेळी मनानं ठरवलेलं असतं, तेव्हा आधी पलंग मोजा. खास मापाची गादी सहसा परत घेत नाहीत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला मी खरं म्हणजे बसले, ते.

माझा मामेभाऊ २७ वर्षांचा आहे, माझ्यासारखाच आयटीत. दोन वर्षांत त्यानं तीन गाद्या बदलल्या. पहाटे चारला कंबर आणि खुब्यांच्या मागची बाजू दुखून जाग यायची. सकाळी उठला की तासभर शरीर लाकडासारखं. ऑफिसला जाऊन हिंडलाफिरला की मोकळं व्हायचं, आणि रविवारी लोळत पडला की वाढायचं. मामी म्हणायची, गादीच बरोबर नाही. मामा म्हणायचा, लॅपटॉप सोड. तिसऱ्या गादीनंतर फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, "आराम केला की कमी होतं की वाढतं?" तो म्हणाला वाढतं. त्यांनी त्याला सरळ संधिवाततज्ज्ञाकडे पाठवलं. एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान निघालं, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस. मणक्याचा आणि कंबरेच्या सांध्यांचा संधिवात, जो बहुतेक वेळा पंचेचाळिशीच्या आत, तरुणपणीच सुरू होतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. वेळेवर औषध आणि रोजचा व्यायाम सुरू झाला तर माणूस चांगला राहतो. नाही झाला तर मणके जुळून येऊ शकतात. तो आता औषधं घेतो, रोज पोहतो आणि त्या तिसऱ्या गादीवर शांत झोपतो.

साधी कंबरदुखी पडलं की बहुधा कमी होते आणि दिवसभराच्या बसण्यानं वाढते. याचं उलटं असेल, आरामानं वाढत असेल, पहाटे जाग येत असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गादीवर एक रुपया घालवायच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं याच शब्दांत सांगा. पायात बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, हेही थांबण्यासारखं नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागी बधिर झालं तर त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, दवाखाना गाठा.

गादीचा दोष आहे की नाही हे ओळखायला एक बिनपैशाची चाचणी आहे. आठवडाभर दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या गादीवर झोपा. लग्नाकार्याला गावाला गेलात तेव्हा कशी होती कंबर, तेही आठवा. तिथे बरं आणि घरी वाईट असेल तर गादी दोषी. सगळीकडे सारखंच असेल तर खुर्ची, बसण्याचे तास, व्यायाम याकडे बघा. पलंगावर तक्क्याला टेकून लॅपटॉप मांडीवर घेणारे बरेच आहेत आपल्यात. चार तास तसं बसून मग रात्री त्याच गादीला शिव्या देणं गादीवर अन्याय आहे.

सकाळच्या दुखण्यालाही एक कारण असतं, ज्यात गादीचा हात नसतो. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळेच सकाळी आपली उंची एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेल्या चकत्यांवर वाकण्याचा ताण जास्त येतो. आणि आपल्याकडे उठल्या उठल्या काय करतात? वाकून अंथरुणाच्या घड्या घालतात, मग वाकून केर काढतात, मग बादली उचलतात. सकाळी उठल्यावर लगेच कंबरेतून वाकणं टाळलं तर जुनाट दुखणं कमी होतं, असं अभ्यासात दिसलं आहे. आमच्याकडे आता घड्या चहानंतर घालतात. सासूबाईंना ते पसारा दिसतो म्हणून पटत नाही, पण कंबर त्यांचीच आहे, तेव्हा धुसफुसत का होईना चालवून घेतात. उठताना सरळ झटक्यात बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं रेटून उठा.

तर निपानियावाल्या ताई, तुमच्यासाठी माझं उत्तर : पलंग मोजा. आठवडाभर उशा लावून झोपा आणि नवऱ्याला वरचे प्रश्न विचारा. मग ३६ इंची दोन वेगळ्या गाद्या बघा. खाली ४० च्या आसपासचा कडक फोम किंवा काथ्या, वर दोन इंच लॅटेक्स किंवा मऊ फोम, मध्यम कडक, सगळं मिळून सहा ते आठ इंच. त्यासाठी सत्तर हजार लागत नाहीत. आणि माहेरहून कापसाची जुनी गादी आली असेल तर भंगारात देऊ नका. तिचा कापूस पिंजून त्यात दोन पातळ गाद्या भरून घ्या, गणपतीत पाहुणे आले की लागतातच.